आभासी संग्रहालयांचे मूल्यमापन

आभासी संग्रहालयांचे मूल्यमापन म्हणजे पडद्यावर पाहता येणाऱ्या संग्रहालयाने काय सांगायचे ठरविले, ते कोणत्या रीतीने सांगितले आणि त्यातील किती व कोणता भाग प्रेक्षकापर्यंत पोहोचला, याचा पद्धतशीर अभ्यास होय. या अभ्यासाची दोन प्रमुख साधने आहेत. वक्तृत्वशास्त्राच्या साहाय्याने संग्रहालयाची मांडणी, भाषा आणि तिच्यामागील हेतू तपासता येतात. प्रेक्षकांच्या अभिप्रायावरून त्या मांडणीचा प्रत्यक्ष परिणाम समजतो. केवळ भेटींची संख्या मोजून संग्रहालय यशस्वी ठरविणे या दृष्टीने अपुरे मानले जाते, कारण पान उघडले जाणे आणि आशय समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या शहरांतील संग्रहालयांपासून दूर असलेल्या सावनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी अनेकदा आभासी संग्रहालय हेच पहिले संग्रहालय असते. त्यामुळे ते कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलते, या प्रश्नाला तेथे विशेष महत्त्व येते.

संज्ञा आणि व्याप्ती

'आभासी संग्रहालय' ही संज्ञा तीन प्रकारच्या निर्मितींसाठी वापरली जाते. पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष संग्रहालयाच्या दालनांची सर्व दिशांनी पाहता येणारी छायाचित्रे असतात. दुसऱ्या प्रकारात वस्तूंची छायाचित्रे व नोंदी असलेला, शोध घेता येणारा संग्रह असतो. तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या विषयावर मजकूर, चित्रे, ध्वनी आणि चित्रफिती एकत्र गुंफून तयार केलेले प्रदर्शन. याला प्रत्यक्ष इमारतीचा आधार असतोच असे नाही.

मूल्यमापनाच्या दृष्टीने हा भेद आवश्यक आहे. दालनाच्या फेरफटक्यात प्रेक्षकाला जागेचा अनुभव मिळाला का, हे पाहावे लागते. नोंदसंग्रहात हवी ती वस्तू सापडली का, हा प्रश्न प्रथम येतो. विषयप्रदर्शनात मात्र प्रतिपादन समजले का आणि पटले का, हे तपासावे लागते. तिन्ही प्रकारांना एकच मोजपट्टी लावल्यास निष्कर्ष फसवे ठरतात.

वक्तृत्वशास्त्र हा शब्द येथे केवळ व्यासपीठावरील भाषणकलेपुरता मर्यादित नाही. विशिष्ट श्रोत्यावर विशिष्ट परिणाम घडविण्यासाठी शब्द, चित्र, क्रम आणि मौन यांचा केलेला उपयोग असा त्याचा व्यापक अर्थ घेतला जातो. या अर्थाने संग्रहालयात कोणती वस्तू आधी ठेवली, कोणती वगळली आणि कोणत्या वस्तूखाली किती ओळींचा मजकूर लिहिला, हे सर्व वक्तृत्वाचेच भाग होत.

पार्श्वभूमी

संग्रहालयाच्या प्रेक्षकांचा अभ्यास संगणकयुगाच्या पूर्वीपासून होत आला आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील बेंजामिन आयव्ह्ज गिल्मन यांनी १९१६ मध्ये 'संग्रहालयीन थकव्या'वर लेख प्रसिद्ध केला. मांडणी सदोष असल्यास प्रेक्षकाला किती वाकावे व ताणावे लागते, हे त्यांनी छायाचित्रांच्या आधारे दाखविले. एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये प्रेक्षकांच्या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेक्षक कोणत्या वस्तूसमोर किती वेळ थांबतो, याची त्यात निरीक्षणाने नोंद केली होती. शैक्षणिक मूल्यमापनाच्या क्षेत्रात मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये 'घडणकालीन' आणि 'समारोपात्मक' मूल्यमापन असा भेद मांडला. पहिले काम चालू असताना सुधारणेसाठी केले जाते, तर दुसरे काम पूर्ण झाल्यावर निर्णयासाठी केले जाते. हा भेद संग्रहालयशास्त्रानेही स्वीकारला.

भिंतींविना संग्रहालयाची कल्पना फ्रेंच लेखक आंद्रे मालरो यांनी १९४७ मध्ये मांडली होती. छायाचित्रणामुळे जगभरातील कलाकृती एका ग्रंथात शेजारी शेजारी ठेवता येतात आणि त्यामुळे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९० च्या दशकात संग्रहालये महाजालावर येऊ लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये 'गूगल आर्ट प्रोजेक्ट' १७ संग्रहालयांसह सुरू झाला. पुढे त्यात भारतातील संस्थांचाही समावेश झाला.

२०२० मधील करोना महासाथीमुळे या विषयाला तातडीचे रूप आले. युनेस्कोच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार जगातील सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५,००० हून अधिक संग्रहालये काही काळ बंद ठेवावी लागली. अनेक संस्थांनी घाईने आभासी दालने उघडली. आफ्रिका आणि लहान बेटराष्ट्रांमध्ये मात्र केवळ ५ टक्के संग्रहालयांना प्रेक्षकांसाठी महाजालावर आशय उपलब्ध करून देता आला. हा आशय कोणापर्यंत पोहोचतो आणि कोणाला वगळतो, हा प्रश्न त्यामुळे अधिक ठळक झाला.

वक्तृत्वशास्त्रीय विश्लेषण

तीन आधार

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी श्रोत्याचे मन वळविणारे तीन आधार सांगितले आहेत: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद. आभासी संग्रहालयाच्या परीक्षणात हे तीनही आधार पुढीलप्रमाणे तपासले जातात.

विश्वासार्हता: नोंद कोणी लिहिली, वस्तू कोठून व कशी मिळाली, कालनिर्णय कशावरून केला, हे सांगितले आहे का? वस्तू ज्या समाजाची आहे त्या समाजातील कोणाचा आवाज मजकुरात आहे का? संस्थेचे नाव मोठे असले तरी नोंदीत 'मध्य भारत, एकोणिसावे शतक' एवढेच असेल, तर स्थानिक प्रेक्षकाच्या दृष्टीने ती विश्वासार्हता अपुरी ठरते.

भावना: प्रेक्षकाला आश्चर्य, आत्मीयता, दुःख वा कुतूहल वाटावे यासाठी कोणती योजना केली आहे? पार्श्वसंगीत, जवळून घेतलेली छायाचित्रे आणि व्यक्तिगत आठवणी ही त्याची नेहमीची साधने आहेत. भावनेचा अतिरेक झाल्यास पुरावा झाकला जातो आणि ती पूर्णपणे टाळल्यास प्रदर्शन नोंदवहीसारखे कोरडे होते.

युक्तिवाद: एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जाताना कोणता कार्यकारणसंबंध दाखविला आहे? दावा आणि पुरावा यांतील अंतर प्रेक्षकाला दिसते का?

पाच अंगे

रोमन परंपरेत, विशेषतः सिसेरोच्या लेखनात, वक्तृत्वाची पाच अंगे मानलेली आढळतात. आभासी संग्रहालयाला ती सहजतेने लागू पडतात. विषयशोध म्हणजे हजारो वस्तूंमधून काही वस्तूंची निवड. मांडणी म्हणजे पानांचा क्रम आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याचे मार्ग. शैली म्हणजे वस्तुपरिचयाची भाषा. सादरीकरण म्हणजे पडद्यावरील अक्षरांचा आकार, रंग, ध्वनी आणि पान उघडण्यास लागणारा वेळ.

पाचवे अंग स्मरणाचे आहे. प्राचीन वक्ता भाषण मनात साठवीत असे. आभासी संग्रहालयात ही जबाबदारी नोंदसंग्रह आणि शोधयंत्रणा यांच्याकडे जाते. प्रेक्षकाने देवनागरीत टंकलेला शब्द त्या स्मरणात नसेल, तर वस्तू संग्रहात असूनही त्याच्यापुरती नाहीशी होते. सावनेरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. गावाचे नाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते आणि जुन्या नोंदींत आणखी वेगळी रूपे आढळतात. ही सर्व रूपे परस्परांशी जोडलेली नसल्यास शोध अपुरा राहतो.

नाट्यशास्त्रातील सिद्धिविचार

प्रेक्षकाच्या प्रतिसादावरून प्रयोगाचे यश ठरविण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात 'सिद्धिव्यंजक' नावाचा स्वतंत्र अध्याय असून बहुतेक आवृत्त्यांत तो सत्ताविसावा आहे. त्यात सिद्धीचे म्हणजे यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या वाणीतून आणि शरीरातून व्यक्त होते. स्मित, हास्य, प्रशंसेचे उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे, अंगावरील वस्त्र वा अंगठी देऊन टाकणे ही तिची लक्षणे होत. दैवी सिद्धीत प्रेक्षागृह भरलेले असते. परंतु त्यात आवाज वा क्षोभ नसतो.

हा भेद आजच्या मोजमापाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पसंतीची चिन्हे, शेरे आणि इतरांना पाठविलेले दुवे ही मानुषी सिद्धीची आधुनिक रूपे म्हणता येतील. एखादा प्रेक्षक कोणताही शेरा न लिहिता एकाच वस्तूपाशी बराच वेळ रेंगाळतो, तेव्हा त्याचा प्रतिसाद मौनाचा असतो आणि शेऱ्यांच्या मोजणीत तो येत नाही.

याच अध्यायात प्राश्निकांचा म्हणजे परीक्षकांचाही विचार आहे. यज्ञकर्म, नृत्य, छंद, व्याकरण, शस्त्रविद्या, चित्र, संगीत अशा निरनिराळ्या विषयांचे जाणकार आपापल्या क्षेत्रापुरते मत देतात. तज्ज्ञांचे परीक्षण आणि सामान्य प्रेक्षकांचा प्रतिसाद ही दोन्ही अंगे स्वतंत्रपणे मानणारी ही व्यवस्था आधुनिक मूल्यमापनाशी जुळणारी आहे.

प्रेक्षकांच्या अभिप्रायाच्या पद्धती

अभिप्राय वही: संग्रहालयाच्या दाराशी ठेवलेली वही हे अभिप्रायाचे सर्वांत परिचित साधन आहे. आभासी संग्रहालयात तिची जागा शेऱ्याची चौकट घेते. 'फार छान', 'माहितीपूर्ण' असे शिष्टाचाराचे शेरे अशा ठिकाणी मोठ्या प्रमाणावर येतात. त्यांतून सद्भावना कळते, परंतु आकलन कळत नाही. त्यामुळे 'या प्रदर्शनातील कोणती गोष्ट तुम्ही घरी सांगाल?' यासारखा नेमका प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरते.

वापराच्या नोंदी: कोणते पान किती वेळा उघडले, किती काळ उघडे राहिले आणि प्रेक्षक कोठून परत गेला, हे संगणकीय नोंदींवरून समजते. या नोंदी वर्तन दाखवितात, कारण दाखवीत नाहीत. पान दहा मिनिटे उघडे राहणे हे तल्लीनतेचे लक्षण असू शकते, तसेच मंद जोडणीचेही असू शकते.

मतप्रमाण श्रेणी: रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विधान देऊन सहमतीची पातळी विचारली जाते. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' ही प्रश्नावली याच तत्त्वावर आधारित आहे. तिच्यात १० विधाने असतात. विषम क्रमांकाच्या विधानांना मिळालेल्या गुणांतून १ वजा करतात आणि सम क्रमांकाच्या विधानांचे गुण ५ मधून वजा करतात. आलेल्या बेरजेला २.५ ने गुणल्यास ० ते १०० पर्यंतचा आकडा मिळतो. ६८ च्या आसपासचा आकडा साधारण सरासरी मानला जातो. हा आकडा टक्केवारी नसतो. तसेच त्यावरून वापराची सुलभता कळते, आशयाचे आकलन कळत नाही. ही विधाने मराठीत आणताना शब्दशः भाषांतर न करता त्यांचा अर्थ स्थानिक वाचकांकडून पडताळून घ्यावा लागतो.

मोठ्याने विचार करणे: प्रेक्षकाला एखादे काम दिले जाते आणि ते करताना मनात येणारे विचार बोलून दाखविण्यास सांगितले जाते. निरीक्षक मदत करीत नाही, केवळ नोंद ठेवतो. जेकब नीलसन यांच्या मते अशा चाचणीत पाच व्यक्तींकडूनही बहुतेक ढोबळ अडचणी लक्षात येतात. मात्र प्रेक्षकवर्ग परस्परांहून भिन्न असल्यास प्रत्येक वर्गातील व्यक्ती घेणे आवश्यक असते.

अर्थ-आलेखन: जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रेक्षकाला एका शब्दाभोवती मनात येणाऱ्या कल्पना कागदावर लिहिण्यास सांगतात. प्रदर्शन पाहिल्यावर त्याच कागदावर वेगळ्या रंगाने भर घालण्यास सांगतात. नव्या शब्दांची संख्या, त्यांची खोली आणि परस्परसंबंध यांवरून बदल दिसतो. यात बरोबर-चूक असे उत्तर नसल्याने विद्यार्थ्यांवर परीक्षेचे दडपण येत नाही.

दोन्ही साधनांची सांगड

वक्तृत्वशास्त्रीय विश्लेषण एकट्याने केल्यास अभ्यासकाचे मतच प्रेक्षकाचे मत मानले जाण्याचा धोका असतो. केवळ अभिप्रायावर विसंबल्यास जे दाखविलेच नाही त्याविषयी प्रेक्षक बोलू शकत नाही. म्हणून दोन्हींची तुलना केली जाते. सामान्यतः तिचे टप्पे असे असतात:

१. प्रदर्शनाचा हेतू एका वाक्यात लिहून घेणे आणि अभिप्रेत प्रेक्षक निश्चित करणे.
२. प्रत्येक पानावरील प्रमुख विधान, त्याचा पुरावा आणि वापरलेला आधार यांचा तक्ता करणे.
३. प्रेक्षकांना प्रदर्शन दाखवून त्यांच्या शब्दांत सारांश घेणे.
४. तक्ता आणि सारांश समोरासमोर ठेवून कोणते विधान पोहोचले, कोणते बदलले आणि कोणते गळाले हे पाहणे.
५. मजकूर वा मांडणी बदलून पुन्हा चाचणी घेणे.

चौथ्या टप्प्यात स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकल्पनेचा उपयोग होतो. त्यांच्या मते प्रेक्षक संदेश तीन प्रकारे वाचतो: कर्त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने, तो काही अंशी स्वीकारून वा त्याला विरोध करून. विरोधी वाचन म्हणजे गैरसमज नव्हे. एखाद्या समाजातील प्रेक्षक आपल्या पूर्वजांच्या वस्तूला दिलेले नाव नाकारतो, तेव्हा तो अभिप्राय संग्रहालयाच्या नोंदीतील दोष दाखवून देत असतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या राष्ट्रीय पोर्टलसाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जतन' ही संगणकप्रणाली विकसित केली. मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालय यांच्या संग्रहांतील वस्तू या पोर्टलवर पाहता येतात. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने खुले झाले होते. १९७५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. या दोन्ही संस्थांची दालने वा प्रदर्शने गूगलच्या कला-संस्कृती व्यासपीठावर उपलब्ध आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाने २०१५ मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' ही फिरती बसही सुरू केली. पडद्यावरील दालन आणि दारात येणारी बस यांचा हेतू एकच असला, तरी बसमध्ये माहिती सांगणारी व्यक्ती प्रेक्षकाचा चेहरा पाहून आपले बोलणे बदलू शकते. आभासी दालनाला ही सोय नसते. तेथे अभिप्राय मुद्दाम गोळा करावा लागतो.

विदर्भातील सर्वांत जुने संग्रहालय म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय. ते १८६३ मध्ये स्थापन झाले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांचा त्यात पुढाकार होता. पुरातत्त्व, भूविज्ञान, निसर्ग, आदिवासी संस्कृती, शस्त्रे आणि चित्रे असे विविध विभाग तेथे आहेत. नागपूरकर या संस्थेला 'अजब बंगला' या नावाने ओळखतात.

हे लोकप्रिय नावही प्रेक्षकांच्या अभिप्रायाचाच एक नमुना म्हणून वाचता येते. संस्थेने स्वतःला प्रशासकीय नाव दिले आणि वस्तूंचे शास्त्रीय वर्गीकरण मांडले. लोकांनी मात्र त्यातून आश्चर्याचा अनुभव उचलला आणि नाव त्या अनुभवावरून ठेवले. वक्तृत्वशास्त्राच्या परिभाषेत संस्थेचा भर युक्तिवादावर होता आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद भावनेचा होता. आभासी रूपांतर करताना या आश्चर्यभावाचा उपयोग पुढील जिज्ञासेसाठी करावा की त्याऐवजी वर्गीकरणच ठेवावे, हा मांडणीचा पहिला प्रश्न ठरतो.

सावनेर परिसरातील उदाहरणे

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कोलार नदीच्या काठी, नागपूर-छिंदवाडा मार्गावर वसले आहे. मध्य प्रदेशाची सीमा जवळ असल्याने नागपुरी बोली, प्रमाण मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा परिसरात ऐकू येतात. पुढील दोन विषयांच्या आधारे वर वर्णिलेल्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करता येते.

नॅरोगेज रेल्वे

बंगाल नागपूर रेल्वेने बांधलेल्या, ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट रुंदीच्या नॅरोगेज जाळ्यातील नागपूर-छिंदवाडा मार्ग सावनेरहून जात असे. ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्यासाठी २०१५ मध्ये हा मार्ग बंद करण्यात आला. नागपुरातील मोतीबाग येथे २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले असून तेथे इंजिने, डबे व रेल्वेची जुनी उपकरणे जतन केली आहेत.

या विषयावरील आभासी प्रदर्शनात इंजिनाच्या चित्राखाली दोन प्रकारचा मजकूर लिहिता येईल. पहिला असा: 'नॅरोगेज वाफेचे इंजिन. रुळांमधील अंतर ७६२ मिमी.' दुसरा असा: 'नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला जाणारी छोटी गाडी याच रुंदीच्या रुळांवर धावत असे. आता तेथे ब्रॉडगेज आहे. छोट्या गाडीने प्रवास केलेले कोणी तुमच्या घरात आहे का?' पहिला मजकूर अचूक आहे, परंतु तो रेल्वेविषयी आधीच माहिती असलेल्या वाचकाला उद्देशून आहे. दुसरा वाचकाला संबोधितो आणि त्याच्या घरातील आठवण हाच पुरावा म्हणून मागतो. मात्र त्यात इंजिनाविषयीची तांत्रिक माहिती कमी होते.

कोणता मजकूर चांगला, हे लेखकाच्या आवडीवरून ठरत नाही. शाळेतील विद्यार्थी, मार्गावरील जुने प्रवासी आणि रेल्वेचे अभ्यासक अशा तीन गटांना दोन्ही मजकूर दाखवून प्रत्येकाकडून सारांश घ्यावा लागतो. '७६२ मिमी' वाचून विद्यार्थ्याच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नसेल, तर शेजारी ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटर रुंदीची आकृती देता येते. जुन्या प्रवाशाने स्थानकाचे नाव, गाडीचे बोलीतले नाव वा प्रवासाला लागणारा वेळ दुरुस्त केला, तर तो अभिप्राय केवळ मत न राहता नोंदीची सामग्री होतो. ही गाडी बंद झाली असल्यामुळे अशा आठवणी गोळा करण्याची मुदत तिच्या प्रवाशांच्या हयातीपुरतीच आहे.

कोळसा आणि जीवाश्म

सावनेर तालुक्यात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या कोळसा खाणी आहेत. २०१६ मध्ये या कंपनीने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळासह खाण-पर्यटनाचा उपक्रम हाती घेतला. सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण त्यात समाविष्ट करण्यात आली.

या कोळशाच्या पट्ट्याचा वैज्ञानिक इतिहास नागपूरशी निगडित आहे. नागपुरात राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातील भूस्तर व जीवाश्म यांवरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी जीवाश्म गोळा केलेल्या ठिकाणांत कामठी आणि सिल्लेवाडा यांचा समावेश होता. नागपूरहून इंग्लंडला गेलेल्या वनस्पति-जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये केले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या पर्मियन काळातील वनस्पतीची पाने होती. दक्षिण गोलार्धातील खंड एके काळी जोडलेले होते, याचा ही वनस्पती एक महत्त्वाचा पुरावा मानली जाते. त्या एकत्रित भूखंडाला दिलेले 'गोंडवन' हे नाव गोंड लोकांच्या प्रदेशावरून आले आहे.

वक्तृत्वशास्त्रीय दृष्टीने या विषयात प्रेक्षकाचे स्थान निर्णायक आहे. दूरच्या वाचकासाठी ग्लॉसॉप्टेरिसचे पान हा खंडवहनाचा पुरावा असतो. सिल्लेवाड्याच्या विद्यार्थ्यासाठी तो आपल्या गावच्या दगडाचा आणि घरातील कोणी काम करीत असलेल्या खाणीचा इतिहास असतो. नोंदीत गावाचे नाव नसेल वा ते केवळ रोमन लिपीत असेल, तर हे नाते जुळत नाही. या वर्गासाठी घ्यावयाच्या चाचणीत सुलभतेच्या आकड्यापेक्षा दोन साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात: 'हा दगड कोठला आहे?' आणि 'तो येथून तेथे कसा गेला?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रदर्शनात नसल्यास विश्वासार्हतेच्या कसोटीवर ते अपुरे ठरते.

गोंडी भाषकांना 'गोंडवन' या शब्दाचा भूवैज्ञानिक अर्थ सांगताना तो शब्द मुळात एका जनसमूहाशी जोडलेला आहे, हे सांगितले जाते का, हेही तपासण्यासारखे आहे. खंडाला नाव देणाऱ्या समाजाचा उल्लेख गाळून केवळ खंडाचे वर्णन करणे ही मांडणीतील निवड असते आणि प्रेक्षक तिच्यावर आक्षेप घेऊ शकतो.

सुगम्यता आणि गोपनीयता

महाजालावरील आशयाच्या सुगम्यतेसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक सूचना वापरल्या जातात. आशय जाणवण्याजोगा, वापरण्याजोगा, समजण्याजोगा आणि तांत्रिकदृष्ट्या भक्कम असावा, ही त्यांची चार तत्त्वे आहेत. चित्राचे शब्दांत वर्णन दिले असल्यास दृष्टिहीन प्रेक्षक पडदावाचकाच्या साहाय्याने ते ऐकू शकतो. मराठी मजकूर चित्राच्या रूपात दिल्यास पडदावाचकाला तो सहसा वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही सापडत नाही.

अभिप्राय गोळा करताना प्रेक्षकाची संमती आवश्यक असते. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची तरतूद आहे. शाळांमध्ये चाचणी घेताना नाव, छायाचित्र वा दूरध्वनी क्रमांक न घेता केवळ इयत्ता व भाषा यांची नोंद ठेवणे हा सोपा आणि सुरक्षित मार्ग ठरतो.

मर्यादा आणि आक्षेप

या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अभिप्राय देणारे लोक सर्व प्रेक्षकांचे प्रतिनिधी नसतात. ज्याला पान उघडताच आले नाही, त्याचा शेरा कधीच येत नाही. म्हणून न आलेल्या प्रेक्षकांचा अभ्यास वाचनालये, शाळा आणि बाजाराची ठिकाणे येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. दुसरा आक्षेप असा की, लोकांच्या पसंतीनुसार मांडणी बदलत गेल्यास अप्रिय परंतु आवश्यक इतिहास मागे पडू शकतो. यावर उत्तर असे दिले जाते की, अभिप्राय हा आज्ञा नसून पुरावा आहे. काय सांगायचे याची जबाबदारी संग्रहालयाकडेच राहते. ते समजले की नाही याची साक्ष प्रेक्षक देतो. तिसरा आक्षेप वक्तृत्वशास्त्रावर आहे. मन वळविण्याचे शास्त्र ज्ञानसंस्थेला लावणे अनेकांना खटकते. परंतु निवड आणि क्रम यांशिवाय कोणतेही प्रदर्शन शक्य नसल्याने प्रभाव टाळता येत नाही. तो उघड करून तपासता येतो, असे या पद्धतीचे समर्थक मानतात.

वेळ हीदेखील एक मर्यादा आहे. प्रदर्शन पाहिल्यानंतर लगेच दिलेले उत्तर आणि सहा महिन्यांनी उरलेली आठवण यांत फरक पडतो. दीर्घकालीन परिणाम तपासण्यासाठी त्याच प्रेक्षकांकडे पुन्हा जावे लागते. लहान संस्थांना हे कठीण जात असले, तरी शाळेच्या एका वर्गाला सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच अर्थ-आलेखन करण्यास सांगणे कमी खर्चात शक्य असते.

हेही पाहा

संग्रहालयशास्त्र
नागपूर मध्यवर्ती संग्रहालय
नाट्यशास्त्र
नॅरोगेज रेल्वे
गोंडवन
सावनेर तालुका